डब्यातली नाणी आणि फोनवरचे लाख



आज आम्ही कर्ज, बचत, शेळी, शिलाई मशीन यांपैकी कशावरच बोलणार नाही. आज बोलायचंय ते घराच्या फडताळात, धान्याच्या कोठीमागे किंवा देव्हाऱ्याखाली पडून असलेल्या एका डब्याविषयी. जुन्या नाण्यांचा डबा. कुणाच्या घरी तो बिस्किटाचा असतो, कुणाकडे पितळी, तर कुणाकडे नुसतीच कापडी पिशवी. त्यात चार आणे असतात, चौकोनी पाच पैसे असतात, एखादा भोकाचा पैसा असतो. आजे-सासऱ्यांनी ठेवलेला, म्हणून टाकवत नाही. आणि करायचं काय, तेही कळत नाही.

या डब्यापायी आमच्या गटात काय घडलं ते आधी सांगतो. ज्या मावशींची ही गोष्ट, त्यांनीच सांगितलं, "सांगा गं रेडिओवर. नाव तेवढं घेऊ नका." म्हणून नाव घेत नाही.

आमच्या गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते जमा झाले, मग कर्जमागणी आली. मावशींनी सहा हजार मागितले. कारण विचारलं तर म्हणाल्या, "घरची अडचण आहे." आमच्या गटात असं मोघम कारण चालत नाही. कारण इतिवृत्तात लिहावं लागतं. सचिव ताईंनी हळूच पुन्हा विचारलं, तेव्हा मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं.

झालं होतं ते असं. नातवाने फोनवर एक चित्रफीत पाहिली. पाच रुपयांची ट्रॅक्टरची नोट आणि वैष्णोदेवीचं चित्र असलेलं नाणं तुमच्याकडे असेल तर लाखो रुपये मिळतील, असं त्यात सांगितलं होतं. मावशींच्या सासऱ्यांचा नाण्यांचा डबा घरात होताच. त्यात ट्रॅक्टरची नोट निघाली, आणि नंतर कुणीतरी टाकलेलं वैष्णोदेवीचं नाणंही निघालं. नातवाने फोटो पाठवले. पलीकडून गोड बोलणारा माणूस म्हणाला, "आजी, तुमचे नऊ लाख होतात." नोंदणीचे म्हणून अकराशे पन्नास रुपये घेतले. मग रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं एक पत्र फोनवर आलं. आता कर भरायचा, गाडीभाडं भरायचं, त्याचे सहा हजार. ते भरले की नऊ लाख खात्यात.

त्या सहा हजारांसाठी मावशी गटाकडे आल्या होत्या.

बैठकीत क्षणभर कुणीच बोललं नाही. दोघी-तिघींनी तर पदराआड विचारलंही, "खरंच मिळतील का गं?" कारण ट्रॅक्टरची नोट त्यांच्याही घरी होती. आपण हसायला नको मैत्रिणींनो. नऊ लाख हा आकडा ऐकला की कुणाचंही मन हलतं.

आम्ही कर्ज नामंजूर केलं नाही आणि मंजूरही केलं नाही. आम्ही म्हटलं, "मावशी, डबा घेऊन या. सगळ्या मिळून बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरात सतरंजी अंथरली आणि डबा पालथा केला. सासऱ्यांनी पै पै करून जमवलेलं ते सगळं. मोजली तर तीनशे अठरा नाणी भरली, वर सात-आठ नोटा. त्या दुपारी आम्ही जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगायचंय.

पहिली गोष्ट: जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे. आपल्याकडे म्हणतात, जुनं ते सोनं. नाण्यांच्या बाबतीत ते पुरतं खरं नाही. नाण्याची किंमत वयावर ठरत नाही. तसलं नाणं किती उरलंय, ते किती चांगल्या अवस्थेत आहे आणि ते हवं असणारे किती जण आहेत, यावर ठरते. पाच रुपयांची ट्रॅक्टरची नोट अमाप छापली गेली. जी वस्तू गावातल्या प्रत्येक दुसऱ्या घरात आहे, तिला नऊ लाख कोण देईल? हा प्रश्न मोठ्याने विचारला की अर्धी भूल उतरते.

ही भूल आपल्यालाच पडते असंही नाही. अमेरिकेत आपल्या क्रिकेटसारखं बेसबॉल नावाच्या खेळाचं वेड आहे. तिथे खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं पूर्वी सिगारेटच्या पाकिटात आणि नंतर चुइंगमबरोबर मिळत. मुलं ती जमवत. त्यातलं होनस वॅग्नर या खेळाडूचं १९०९ ते १९११ या काळातलं एक कार्ड २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं, कारण तसली कार्डं जगात थोडीच उरली आहेत. अशा मोठ्या किमतींच्या बातम्या वाचून १९८० नंतर तिथल्या घराघरांत लोकांनी कार्डांचे खोकेच्या खोके जपून ठेवले. मुलांच्या शिक्षणाला कामी येतील म्हणून. पण कंपन्यांनीही तेव्हा इतकी कार्डं छापली, आणि सगळ्यांनीच ती इतकी जपली, की आज त्यातल्या बहुतेकांना कुणी विचारत नाही. अशा साध्या कार्डांना तिथे 'कॉमन' म्हणतात. संग्रहात एखाददुसरं मोलाचं आणि बाकी सगळे कॉमन. त्यांचं करायचं काय, हा प्रश्न त्या लोकांनाही पडतो. मग कुणी आपल्या आवडत्या संघाची तेवढी ठेवतो आणि बाकीची शेजारच्या मुलांना देऊन टाकतो.

आमच्या सतरंजीवरही हाच प्रश्न होता. आम्ही चार ढीग केले. तुमच्या घरी डबा असेल तर तुम्हीही असेच करा.

पहिला ढीग, आजही चालणाऱ्या पैशांचा. आठ आणे, एक, दोन, पाच, दहा रुपयांची नाणी. दहाच्या नाण्याचे वेगवेगळे छाप आहेत, ते सगळे चालतात, असं रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलंय. पन्नास पैशांचं नाणंही बंद झालेलं नाही. कायद्याने रुपया व त्यावरची नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंत देता येतात, आणि पन्नास पैशांची दहा रुपयांपर्यंत. एक, दोन, पाच रुपयांच्या जुन्या नोटाही चालतात. म्हणजे मावशींची ट्रॅक्टरची नोट पाच रुपयांची होती आणि आजही पाच रुपयांचीच आहे. वैष्णोदेवीचं नाणंही चालतं, जेवढ्याचं लिहिलंय तेवढ्यालाच. या ढिगात चौसष्ट नाणी निघाली. नोटा धरून एकशे सत्त्याऐंशी रुपये झाले. ते मावशींनी तिथेच बचतीत जमा केले.

दुसरा ढीग चांदीचा. इथे मात्र डोळे उघडे ठेवा. इंग्रजांच्या काळातला राणीछाप, राजाछाप रुपया १९३९ सालापर्यंत जवळजवळ शुद्ध चांदीचा असायचा. वजन अकरा पूर्णांक सहासष्ट ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. १९४० पासून १९४५ पर्यंत त्यात निम्मीच चांदी राहिली. १९४६-४७ चा रुपया निकेलचा आहे. १९४७ च्या रुपयावर वाघ आहे, तो पाहून पुष्कळ जणी फसतात. घरच्या घरी ओळखायचं तर लोहचुंबक लावा. निकेलचा रुपया चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. पण चिकटला नाही म्हणजे चांदीच, असंही नाही. म्हणून साल वाचा, वजन करा आणि दोन वेगवेगळ्या सराफांना विचारा. पहिल्याच दुकानात देऊन येऊ नका. मावशींच्या डब्यात असे दोन बंदे रुपये निघाले. दर लक्ष्मीपूजनाला ते ताटात असतात. मावशींनी ते विकले नाहीत. पण अडीनडीला आपल्याजवळ काय आहे, ते आता त्यांना नेमकं ठाऊक झालं.

तिसरा ढीग शंकेचा. म्हणजे जे आपल्याला वाचता येत नाही ते. मावशींकडे अशी नऊ होती. तालुक्याच्या गावी नाणी जमवणारे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना दाखवली. सहा शिवराया निघाल्या. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' अशी अक्षरं. ऐकूनच आमच्या अंगावर काटा आला. पण गुरुजी म्हणाले, "शिवराई महाराजांच्या नंतरही खूप काळ पाडली जात होती. आपल्या मुलखात ती पुष्कळ सापडते. झिजलेलीला पैसे फार येणार नाहीत. मान मात्र मोठा आहे. जपा." एका नाण्यावर रामदरबाराचं चित्र, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल होतं. गुरुजी हसले. कंपनीने असं नाणं कधी काढलंच नव्हतं, तो अलीकडे बनवून विकलेला बिल्ला आहे. तोही लाखांना विकला जाईल म्हणून सांगणारे भेटतात. उरलेली दोन इतकी झिजलेली होती की त्यांनाही वाचता आली नाहीत.

गुरुजींनी आम्हाला एक गोष्ट बजावून सांगितली. जुनं नाणं चिंच, राख, लिंबू, पितांबरी लावून घासू नका. तांब्याची भांडी घासायची आपली सवय, हात शिवशिवतोच. पण घासलं की अक्षरं झिजतात आणि नाण्याची होती ती किंमतही जाते. साध्या कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसायची, बस.

आणखी एक. शेतात नांगरताना, घराचा पाया खणताना जुनी नाणी सापडली तर ती गपचूप वाटून घ्यायची नसतात. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तलाठ्यांना सांगा, रीतसर पंचनामा करून घ्या.

आता चौथा ढीग, सगळ्यात मोठा. बंद झालेली साधी नाणी. दोनशे त्रेचाळीस. चौकोनी पाच पैसे एकाहत्तर. कातरलेल्या कडेचे दहा पैसे अठ्ठावन्न. सहा कोनांचे वीस पैसे तेहेतीस. चार आणे शेहेचाळीस, त्यातली बरीच गेंड्याच्या चित्राची. भोकाचे पैसे बारा. हे भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ या काळातले. महायुद्धात तांब्याची टंचाई होती, म्हणून मधून भोक पाडून तांबं वाचवलं. बाकीची तेवीस किरकोळ. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. ती दुकानात चालत नाहीत, बँक बदलून देत नाही.

मावशींनी त्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हे सगळे चिंचोकेच की गं. मामंजींनी आयुष्यभर जमवले."

तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकूंनी एक दहा पैसे उचलले आणि म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आपण दोघी होतो. आठवतंय का? पगार झाला की तू असलं एक नाणं पदराच्या गाठीत बांधून ठेवायचीस. पोरासाठी." मग दोघी बोलत राहिल्या. किती पैशांत चहाची पुडी यायची, कुणाचं नाणं विहिरीत पडलं, सासऱ्यांनी बाजारातून येताना एकेक नाणं बाजूला कसं ठेवलं. मावशींचा नातू तिथेच बसला होता. फोन खाली ठेवून ऐकत होता.

तिथे आम्हाला उत्तर सापडलं. साध्या नाण्यांचं काय करायचं, ते आम्ही असं ठरवलं.

एक. प्रत्येक प्रकारचं एकेक चांगलं नाणं निवडून एक संच घरात ठेवायचा. सगळीच्या सगळी ठेवायची गरज नाही. एकाहत्तर पाच पैसे ठेवून एका पाच पैशांपेक्षा जास्त आठवण राहत नाही. नातवाने वहीत प्रत्येक नाण्यापुढे मावशींनी सांगितलेली गोष्ट लिहून काढली. त्या वहीला कोणत्याही बाजारात किंमत नाही. पण मावशी म्हणतात, डब्यातली खरी मिळकत तीच.

दोन. बाकीच्यांतून पाच नातवंडांना जमेल तसे लहान संच वाटले. कुणाकडे चार आणे जास्त, कुणाकडे भोकाचा पैसा नाही. आता ती आपसांत अदलाबदल करतात. संग्रह असाच वाढतो, फुकट.

तीन. उरलेली नाणी जिल्हा परिषदेच्या शाळेत दिली. बाईंनी त्यांतून गणिताचा तास घेतला. चार पैशांचा एक आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे जुन्या रुपयात चौसष्ट पैसे. आणि १९५७ साली दशमान पद्धत आली तेव्हा रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पोरांनी मग बाजार मांडला. वर्गातल्या त्या बाजारात बंद झालेले पैसे पुन्हा चालले.

चार. ज्यांना विकायचीच आहेत त्यांनी खुशाल विकावीत. नाणी जमवणारे लोक साधी नाणीसुद्धा ढिगाने, थोड्या पैशांत घेतात. पण ध्यानात ठेवा, विकताना पैसे आपल्या हातात येतात, आपल्या हातून जात नाहीत. जो माणूस आपली वस्तू घेण्यासाठी आपल्याकडूनच आधी पैसे मागतो, तो गिऱ्हाईक नव्हे.

आणि नाणी वितळवायच्या भानगडीत पडू नका. सरकारी नाणं वितळवणं, तोडणं हा कायद्याने गुन्हा आहे.

आता त्या फोनवाल्याविषयी. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर सूचना काढली होती. जुन्या नोटा आणि नाणी विकत घेतो म्हणून काही लोक बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क, कमिशन, कर मागत आहेत. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात पडत नाही, असले पैसे कधीच मागत नाही आणि तिने कुणालाही तसे मागायला नेमलेलं नाही. एवढं स्पष्ट सांगितलंय. तरी पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे थांबवायची आशा जास्त. आम्ही मावशींच्या वतीने केला, पण तोवर बरेच दिवस गेले होते. त्यांचे अकराशे पन्नास परत आलेले नाहीत. खोटं कशाला सांगायचं? पण सहा हजार वाचले.

आता शेवटचं. ही गोष्ट आम्हाला जास्त टोचली.

सगळं आवरल्यावर आम्ही मावशींना विचारलं, "मावशी, तुम्ही इतक्या हिशेबी. या फंदात पडलात कशा?" त्या म्हणाल्या, "अगं, दोन हप्ते थकणार होते. कांद्याचे पैसे आले नाहीत. तुमच्यापुढे तोंड कसं दाखवू? म्हटलं नऊ लाख येतील, नाहीतर निदान हप्ते तरी फिटतील."

म्हणजे बघा, ज्या गटाने अडचणीत आधार द्यायचा, त्या गटापुढे तोंड दाखवायच्या लाजेने त्या फोनवाल्याकडे गेल्या. चूक नुसती त्यांची होती का? आम्ही बैठकीत हप्ता मागतो, पण "कसं चाललंय?" हे शेवटचं कधी विचारलं होतं, ते आम्हाला आठवेना. त्या महिन्याच्या इतिवृत्तात आम्ही दोन ठराव लिहिले. मावशींच्या कर्जाचे हप्ते लहान करून मुदत वाढवली. आणि दर बैठकीत हप्त्याआधी प्रत्येकीची ख्यालीखुशाली विचारायची. फोनवर कुणी पैसे मागितले असतील तर तेही तिथेच सांगायचं, कुणी हसायचं नाही.

आमचा भाग सिन्नरचा. आमच्या नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आणि संग्रहालय आहे. दिवाळीनंतर पोरांना घेऊन तिथे जायचं ठरलंय. मावशींचा नातू आपली वही बरोबर घेणार आहे.

मैत्रिणींनो, या आठवड्यात वेळ काढून तुमचाही डबा उघडा. एकट्याने नको, घरातलं म्हातारं माणूस आणि घरातलं पोर दोघांना शेजारी बसवून उघडा. चार ढीग करा. साधी नाणी साधीच निघतील. निघू द्या. ती कुणी जमवली आणि कशातून वाचवली, तेवढं पोरांना सांगा.

पुढच्या बैठकीत भेटूच.